परदेशी कंपन्यांचे कॅमेरे, राउटर, ॲप : कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी कोल्हापुरात सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं करतोय. गुजरीतले सराफ, मार्केट यार्डातले गुळाचे अडते, राजारामपुरीतले दवाखाने, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, खेड्यापाड्यांतल्या पतसंस्था, अशी आमची गिऱ्हाइकं. पूर्वी लोक एवढंच विचारायचे, "केवढ्याला बसंल?" गेल्या काही वर्षांत त्यात भर पडली : "हे चायनाचं आहे का? आणि असलं तर काय होतंय?" फोनवर सांगताना निम्मं सांगायचं राहतं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

परदेशी कंपन्यांबद्दलची भीती खरी आहे, की उगाच बाऊ केलाय?

खरी आहे. मात्र लोक ज्या कारणानं घाबरतात ते कारण बहुतेक वेळा चुकीचं असतं. डब्यात गुप्त चिप बसवलेली असते आणि ती रात्री गुपचूप सगळं तिकडं पाठवते, असं लोकांच्या डोक्यात असतं. खरी गोष्ट त्याहून साधी आहे. आजकालचं यंत्र विकून झालं तरी कंपनीच्या हातातून सुटत नाही. राउटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा), फोन, टीव्ही, सगळ्यांना कंपनीकडून अपडेट येत राहतं. आज तपासून घेतलेलं यंत्र उद्याच्या अपडेटनंतर वेगळं वागू शकतं. म्हणजे यंत्र घेणं ही त्या कंपनीशी पाच-सात वर्षांची सोयरीक झाली. सोयरीक करताना आपण घराणं बघतो, तसं इथं कंपनी कुठल्या देशाच्या कायद्याखाली येते ते बघावं लागतं. कंपनी स्वतः किती सज्जन आहे हा त्यानंतरचा मुद्दा.

मग चीनच्याच कंपन्यांवर सगळ्यांचा डोळा का?

कायद्यामुळं. चीननं २०१७ साली राष्ट्रीय गुप्तवार्ता कायदा केला. त्याच्या सातव्या कलमानुसार तिथल्या प्रत्येक संस्थेनं आणि नागरिकानं सरकारच्या गुप्तवार्ता कामाला मदत आणि सहकार्य करायचं आहे. कंपनीच्या मालकाला असा हुकूम आला, तर दाद मागायला सरकारपासून स्वतंत्र असं न्यायालय तिथं नाही. शिवाय काही कंपन्यांत सरकारचा थेट हात आहे. कॅमेऱ्यांतली जगातली सगळ्यात मोठी कंपनी हिकव्हिजन ही चीनच्या एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्स समूहाच्या ताब्यात आहे. टेलिफोन जाळ्यांची यंत्रं बनवणारी चिनी कंपनी हुआवे, तिचे संस्थापक रेन झेंगफेई पूर्वी चिनी सैन्यात अभियंता होते, याचाही लोक हवाला देतात. मला तो मुद्दा फारसा पटत नाही. निवृत्तीनंतर धंदा करणारे माजी सैनिक आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत. मुद्दा कायद्याचा आहे, माणसाच्या जुन्या नोकरीचा नाही.

पण हुआवेनं हेरगिरी केल्याचा पुरावा कुठं आहे?

ब्रिटनचं उदाहरण सांगतो, कारण हुआवेचा माल इतक्या बारकाईनं उघडून बघणारे देश फार थोडे. २०१० सालापासून बॅनबरी नावाच्या गावात त्यासाठी खास तपासणी केंद्र चाललं, कंपनीचंच, पण ब्रिटिश सरकारच्या देखरेखीखाली. हुआवेचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, तिथं ब्रिटिश तज्ज्ञ बघायचे. २०१९ च्या अहवालात त्यांनी लिहिलं की कामाचा दर्जा वाईट आहे, गंभीर उणिवा आहेत, पण या उणिवा चिनी सरकारनं मुद्दाम ठेवल्यात असं आम्हाला वाटत नाही. एवढं होऊनही जुलै २०२० मध्ये ब्रिटननं ठरवलं की फाइव्ह-जी जाळ्यात हुआवेची नवी खरेदी बंद आणि जुना सगळा माल २०२७ अखेर काढून टाकायचा. कारण असं दिलं की अमेरिकेच्या निर्बंधांमुळं कंपनीला चिप दुसरीकडून घ्याव्या लागणार, आणि नव्या मालाची खात्री आम्ही देऊ शकत नाही.

चोरी पकडली म्हणून ही बंदी आली नाही. पुढं काय येईल याची हमी देता येत नाही म्हणून आली. देशाच्या टेलिफोन जाळ्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे, असं मी मानतो. तिथं चूक झाली तर युद्धाच्या दिवशी कळणार, आणि त्या दिवशी दुरुस्ती होत नसते. ऑस्ट्रेलियानं ऑगस्ट २०१८ मध्येच हुआवे आणि झेडटीई या दुसऱ्या चिनी कंपनीला फाइव्ह-जीतून बाहेर ठेवलं होतं. आपल्या सरकारनं बंदी हा शब्द वापरला नाही. १५ जून २०२१ पासून टेलिकॉम कंपन्यांनी माल फक्त मान्यताप्राप्त "विश्वासू" पुरवठादारांकडूनच घ्यायचा असा नियम केला. त्याच वर्षी मे महिन्यात फाइव्ह-जी चाचण्यांना परवानगी मिळाली, त्यातही या दोन कंपन्या नव्हत्या.

काही आरोप खोटेही असतात ना?

असतात. २०१८ साली अमेरिकेतल्या एका नामांकित साप्ताहिकानं छापलं की सुपरमायक्रो कंपनीच्या सर्व्हर बोर्डांवर तांदळाच्या दाण्याएवढी चिनी हेरचिप सापडली. ॲपल आणि ॲमेझॉननं ठामपणे नाकारलं, आणि तशी चिप आजपर्यंत कुणी जगासमोर ठेवलेली नाही. प्रतिस्पर्ध्याचा माल बंद झाला की कुणाचा तरी फायदा होतो, हेही लक्षात ठेवावं. एखादा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतोय म्हणून दुकानातले सोळा कॅमेरे उतरवू नका. आधी फोन करा.

म्हणजे अमेरिकेचं घेतलं की काम झालं?

नाही. या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम लांबवतो, कारण आपल्याकडं सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे.

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेननं अमेरिकेच्या गुप्तचर खात्याची कागदपत्रं बाहेर काढली. मोठ्या अमेरिकी कंपन्यांकडून माहिती मिळवण्याची 'प्रिझम' नावाची योजना चालू असल्याचं जगाला तेव्हा कळलं. परदेशी गिऱ्हाइकांसाठी निघालेले राउटर वाटेत अडवून, खोकं उघडून, आत ऐकण्याची सोय बसवून, खोकं पुन्हा बंद करून पुढं पाठवत, हेही त्याच कागदपत्रांतून समजलं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याहून जुनी गोष्ट उघड झाली. स्वित्झर्लंडची क्रिप्टो एजी ही कंपनी शंभराहून जास्त देशांना गुप्त संदेश पाठवण्याची यंत्रं विकायची, आणि १९७० पासून तिची मालकी गुपचूप अमेरिका आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर खात्यांकडं होती. त्या गिऱ्हाइकांत भारतही होता. तटस्थ देशाची कंपनी म्हणून आपण विश्वास ठेवला, पैसे मोजले, आणि कुलपाची दुसरी किल्ली पहिल्यापासून दुसऱ्याच्या खिशात होती.

कायदा तिकडंही आहेच. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार अमेरिकी कंपनीच्या ताब्यातली माहिती जगात कुठंही साठवलेली असली, तरी तिथलं न्यायालय ती मागवू शकतं. फरक एवढाच की तिथं कंपनी आपल्याच सरकारविरुद्ध कोर्टात जाऊ शकते आणि काही कंपन्या गेल्याही आहेत. हा फरक मी कमी लेखत नाही. पण तिथल्या कायद्याचं संरक्षण मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी आहे. कसबा बावड्यातल्या माणसासाठी कुणी ते लिहिलेलं नाही.

आणि ऐकणं सोडा, बंद करणं हा धोका त्याहून जवळचा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं गुजरातमधल्या वाडीनार इथं तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध लावले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा जवळपास निम्मा वाटा आहे. त्यानंतर काही दिवसांत मायक्रोसॉफ्टनं नायराची ईमेल आणि टीम्सची सेवा थांबवली. कारखाना भारतात, कामगार भारतात, पैसे आगाऊ भरलेले, आणि भारताच्या कायद्यानं काही गुन्हा नाही. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर सेवा परत सुरू झाली. आमच्या एका उद्योजक गिऱ्हाइकानं ही बातमी वाचून मला रात्री दहाला फोन केला होता. त्यांचं सगळं कोटेशन, ड्रॉइंग, ऑर्डर एकाच ईमेल खात्यात होतं. दुसऱ्या दिवशी बसून आम्ही त्याची प्रत त्यांच्याच कारखान्यातल्या डिस्कवर घेतली.

चायनाचा कॅमेरा लावला की आमच्या घरातलं तिकडं दिसतं म्हणे. खरं काय?

डीव्हीआरमध्ये रेकॉर्डिंग होतं ते तुमच्याच हार्डडिस्कवर. ते आपोआप चीनला जात नाही. पण तुम्ही मोबाईलवर बघता, तेव्हा काय होतं ते समजून घ्या. डीव्हीआर सुरू झाला की इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला सांगतो, "मी इथं आहे." तुम्ही ॲपमध्ये क्यूआर कोड स्कॅन करता, म्हणजे डीव्हीआरचा सिरीयल नंबर देता. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. थेट गाठ पडली नाही, तर चित्र त्या सर्व्हरवरूनच फिरून येतं. थोडक्यात, सर्व्हर ज्याचा, त्याच्या हातात दरवाजा असतो. तो रोज डोकावतो असं मी म्हणत नाही. डोकावायचं ठरवलं तर त्याला वाट आहे.

आता माझ्या अनुभवाचं बोलतो. अठरा वर्षांत परदेशी सरकारनं डोकावल्याचं एकही प्रकरण माझ्यासमोर आलं नाही. पासवर्डमुळं झालेली प्रकरणं मात्र डझनानं आली. बसवणाऱ्यानं सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड ठेवला, नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या मोबाईलवर दुकान अजून दिसतंय, भाडेकरू गेला आणि ॲप घेऊन गेला. एका दवाखान्यात तपासणीच्या खोलीतला कॅमेरा बसवणाऱ्याच्या फोनवर दोन वर्षं चालू होता. डॉक्टरबाईंना मी ते दाखवलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या, काही बोलल्याच नाहीत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं बायकांच्या तपासणीचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघडकीला आलं. गुजरात पोलिसांनी पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. पासवर्ड होता ॲडमिन१२३. तिथं कुठलंही परदेशी सरकार नव्हतं.

२०१६ सालचं मिराई प्रकरणही असंच. कारखान्यातून येतानाचे पासवर्ड तसेच ठेवलेले लाखभर कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर एका प्रोग्रॅमनं ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला झालेल्या हल्ल्यानं अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. माल बहुतेक चिनी बनावटीचा, पण मिराई लिहिणारे निघाले अमेरिकी कॉलेजवयीन तरुण. निष्काळजीपणे बनवलेला माल कुणाच्याही हातात हत्यार होतो, हे त्यातून दिसलं.

"आमच्याकडं लपवण्यासारखं काय आहे?"

तुम्ही दुकान किती वाजता बंद करता, पैसे कुठल्या वाटेनं नेता, घरी म्हातारे आईवडील एकटे कधी असतात, हे सगळं त्या चित्रात आहे. लपवण्यासारखं नसेल, जपण्यासारखं नक्की आहे.

सरकारनं कॅमेऱ्यांसाठी नियम केलाय म्हणे, तो काय?

केंद्र सरकारनं ९ एप्रिल २०२४ ला अधिसूचना काढली आणि एप्रिल २०२५ पासून ती लागू झाली. आता बाजारात येणाऱ्या नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला सुरक्षेच्या कसोट्या पार कराव्या लागतात. आतलं सॉफ्टवेअर कुणी बदलू शकतं का, माहिती कुलूपबंद होऊन जाते का, नको असलेले दरवाजे उघडे आहेत का, चिप कुठून आली, हे बघितलं जातं. एसटीक्यूसी ही सरकारी चाचणी व्यवस्था हे काम बघते. माल महागला, मला मान्य आहे. काही स्वस्त मॉडेल दिसेनाशी झाली, त्यावरून गिऱ्हाइकांशी वादही झाले. तरीही हा नियम मला योग्य वाटतो, कारण तो देशाचं नाव बघत नाही, माल बघतो. आपल्याकडच्या कंपन्यांनाही त्यातून जावं लागतं.

घरात आधीच बसवलेला कॅमेरा काढा असं हा नियम सांगत नाही.

डब्यावर "मेड इन इंडिया" लिहिलंय. आता निर्धास्त?

अर्धे. कित्येक वर्षं देशी नावानं विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांत मेंदू परदेशी असायचा. हायसिलिकॉन या कंपनीच्या चिप जगभर, आपल्याकडंही, भरपूर वापरल्या गेल्या, आणि हायसिलिकॉन ही हुआवेचीच कंपनी. जोडणी इथं झाली म्हणजे सगळं इथलं होत नाही. बिलावर मॉडेल नंबर घ्या, त्याच मॉडेलचं प्रमाणपत्र विक्रेत्याकडून मागा. "ताई, काळजी करू नका, एक नंबर माल आहे" हे प्रमाणपत्र नव्हे.

आमच्याकडं जुना हिकव्हिजन आहे. फेकून द्यायचा का?

घराच्या फाटकावर असेल तर नको. पण सप्टेंबर २०२१ मध्ये त्या कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत अशी खोट सापडली की पासवर्डशिवाय बाहेरचा माणूस पूर्ण ताबा घेऊ शकत होता. धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी ९.८. कंपनीनं दुरुस्त फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) दिलं, पण ते कुणीतरी जाऊन टाकावं लागतं. आम्ही ते जिथं जिथं तपासतो तिथं अजून जुनंच सापडतं. ते टाकून घ्या, आणि राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत यायची वाट, करून ठेवलं असेल तर बंद करा. फर्मवेअर मिळतच नाही इतका जुना असेल, तर त्याचं इंटरनेट काढा. रेकॉर्डिंग चालूच राहील, मोबाईलवर फक्त दिसणार नाही.

बँक, सरकारी कचेरी, पाणीपुरवठा, वीज उपकेंद्र इथं माझं उत्तर वेगळं आहे : बदला. अमेरिकेनं २०१८ मध्येच कायदा करून आपल्या सरकारी खरेदीतून हिकव्हिजन आणि दाहुआ ही दुसरी चिनी कॅमेरा कंपनी वगळली.

टिकटॉकवर बंदी घातली ते बरोबर होतं का?

२९ जून २०२०, गलवानच्या चकमकीनंतर दोन आठवड्यांनी, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली ५९ ॲप बंद झाली. राष्ट्र म्हणून संताप होता आणि तो रास्त होता. सीमेवर जिल्ह्याजिल्ह्यातली पोरं आहेत, आपलीही आहेत. पण सुरक्षेचं कारण द्यायचं तर कुठलं ॲप काय नेत होतं, हे सरकारनं लोकांना सविस्तर सांगायला हवं होतं असं मला वाटतं. सांगितलं असतं तर लोक पुढच्या ॲपबाबत स्वतः शहाणे झाले असते. त्या यादीत कॅमस्कॅनर होतं. आपल्याकडं वकील, एजंट, सोसायट्या त्याच्यावर सातबारा आणि आधार कार्डं स्कॅन करत होत्या. त्या बदल्यात लोकांनी काय घेतलं? तितकंच अनोळखी दुसरं ॲप.

फोनपे, गुगल पे परदेशीच ना? मग मिसळीच्या गाड्यावर क्यूआर लावायचा का नाही?

लावा. यूपीआय चालवते ती एनपीसीआय ही संस्था, ती आपली आहे. पण फोनपेत बहुतांश मालकी वॉलमार्टची, दुसरं गुगलचं, आणि यूपीआयच्या दहापैकी आठ व्यवहार या दोघांवरून होतात. एका ॲपवर ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नसावेत असा नियम एनपीसीआयनं २०२० मध्येच केला, पण मुदत पुढं ढकलत २०२६ अखेरपर्यंत नेली. मी दोन ॲप ठेवतो, त्यातलं एक भीम.

आमची पतसंस्था आहे. सभासदांची माहिती परदेशी क्लाउडवर ठेवावी का?

चेअरमनसाहेब हा प्रश्न नेहमी देशभक्तीच्या अंगानं विचारतात, मी उत्तर पुराच्या अंगानं देतो. ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ च्या वर. करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या दोन पतसंस्थांचं काम आमच्याकडं होतं. दोन्हींचे कॉम्प्युटर पाण्यात गेले. एकीची रोजची प्रत एका अमेरिकी कंपनीच्या क्लाउडवर जात होती. पाणी ओसरल्यावर आठव्या दिवशी त्यांनी शेजारच्या गावातल्या शाळेत टेबल मांडून खातेदारांना पैसे दिले. दुसरीची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर होती, आणि ती डिस्क त्याच कपाटात. त्यांचे सचिव पुढं चार महिने ओल्या लेजरची पानं वाळवून नोंदी करत होते.

तेव्हा ठेवा, पण अटी घाला. सर्व्हर भारतातला निवडा. पाठवण्याआधी माहिती कुलूपबंद करा आणि किल्ली संस्थेकडं ठेवा, म्हणजे कंपनीला कुणी हुकूम दिला तरी हातात नुसता भुगा येईल. दुसरी प्रत जिल्ह्यातच, पण पुररेषेच्या वर. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं सभासदांची माहिती जपणं ही संस्थेची जबाबदारी ठरवली आहे, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये पेमेंट कंपन्यांना माहिती भारतातच ठेवायला सांगितलं, आणि न पाळल्याबद्दल जुलै २०२१ मध्ये मास्टरकार्डची नवी कार्डं जवळपास वर्षभर थांबवली. नियम कडक असला की मोठी परदेशी कंपनीही वाकते.

परक्या देशाकडून थेट हल्ला होतो का, असंही संचालक विचारतात. होतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी गेले, बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले, आणि त्यात आपल्या कोल्हापूरची एटीएमही वापरली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी बोट दाखवलं उत्तर कोरियाकडं. त्या देशाचा एकही राउटर आपण कधी विकत घेतलेला नाही.

कारखान्यातल्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचं काय?

जपानी किंवा जर्मन कंट्रोलर टाळायचा म्हटला तर शिरोलीतलं निम्मं काम थांबेल. कंपनीला दुरून दुरुस्तीची वाट हवी असते, ती कायम उघडी ठेवू नका. इंजिनिअरचा फोन आला की केबल लावा, काम झालं की काढा. काही परदेशी मशीन जागेवरून हलवली की स्वतःला कुलूप लावून घेतात आणि कंपनीनं कोड दिल्याशिवाय सुरू होत नाहीत. जुनं मशीन विकत घेताना किंवा शेड बदलताना हे आधी लेखी विचारा. छतावरच्या सोलर इन्व्हर्टरची वायफाय काडीही ऑफिसच्या नेटवर्कवर नको, तिला वेगळं गेस्ट वायफाय द्या.

आज संध्याकाळी घरी जाऊन एकच गोष्ट करायची तर कुठली?

राउटरची इंटरनेटची वायर दहा मिनिटं काढा आणि घरात फिरा. काय काय बंद पडलं ते वहीत लिहा. जे बंद पडलं, त्याचा दरवाजा दुसऱ्याच्या घरात उघडतो. मग वायर लावून त्या प्रत्येकाचा पासवर्ड बदला आणि ॲपमध्ये "शेअर केलेले वापरकर्ते" बघा. त्यात बसवणाऱ्याचं नाव असेल तर काढा. आम्ही बसवलं असेल, तर आमचंही काढा.

जुना डीव्हीआर भंगारवाल्याला दिला तर चालेल?

डबा द्या. हार्डडिस्क काढून ठेवा. चार स्क्रू असतात. जमत नसेल तर दुकानात घेऊन या, पैसे घेत नाही. आतली डिस्क तुमच्यासमोर ड्रिलनं फोडून देतो.